मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी

चिखलदऱ्याला रेल्वे नाही. घाट उतरून परतवाडा, तेथून अमरावती किंवा बडनेरा आणि मग रात्रीची मुंबई गाडी, असा हा प्रवास आहे. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर 'शकुंतला' नावाची छोटी गाडी होती, तीही बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले खरे, पण लोखंडी सांगाडा, चाके आणि टाकी सोबत घेऊन निघालेल्या मिस्त्रीला विमान काय कामाचे? तो रेल्वेनेच जाणार. यंत्र ब्रेकव्हॅनमध्ये टाकून, पावती खिशात जपून साडेसहाशे किलोमीटरचा पल्ला गाठणार.

हा विषय काढण्याचे कारण म्हणजे टीव्हीवरील 'शार्क टँक इंडिया' हा कार्यक्रम. डिसेंबर २०२१ मध्ये सोनी वाहिनीवर तो सुरू झाला आणि तेव्हापासून 'आपणही आपली कल्पना घेऊन मुंबईला जावे' हा विचार लहान गावांतील वर्कशॉपमध्येही बोलला जाऊ लागला. यात वाईट काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या कारागीर बंधूंनी जाण्यापूर्वी हिशेब नीट समजून घ्यावा.

याचे सर्वांत परिचित उदाहरण मालेगाव तालुक्यातील आहे. मालेगाव म्हटले की आपल्या वाचकांना यंत्रमाग आठवतात, पण त्याच तालुक्यातील देवारपाडा गावचे कमलेश घुमरे शेतकऱ्यासाठी तयार केलेली हातगाडी घेऊन जानेवारी २०२२ मध्ये या कार्यक्रमात दिसले. फवारणीचा पंप पाठीवर न घेता सायकलच्या चाकावर ढकलत न्यायचा आणि त्याच सांगाड्यावर शेतीची इतर कामेही करायची, अशी ही रचना होती. त्यामागे सुमारे सात वर्षांची खटपट होती. कोणी याला साधा जुगाड म्हणून हसेल, तर त्याने वऱ्हाडाकडे पाहावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप खाली उतरवणे ही येथे जिवाची बाब आहे.

आता व्यवहार पाहू. घुमरे यांनी १० टक्के हिश्श्यासाठी ३० लाख रुपये मागितले होते, म्हणजे त्यांच्या मते धंद्याची किंमत ३ कोटी होती. लेन्सकार्टचे पीयूष बन्सल यांनी १० लाख रुपये देऊन ४० टक्के हिस्सा आणि वर २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज असा देकार दिला व तो मान्य झाला. १० लाखांत ४० टक्के म्हणजे धंद्याची किंमत २५ लाख ठरली. मागितलेली ३० लाखांची रक्कम हाती आली, पण किंमत बारा पटींनी उतरली. आम्ही यास फसवणूक म्हणत नाही. ज्या मालाची विक्री अजून उभी राहायची आहे, त्याचे मोल भांडवलवाला असेच लावतो. शिवाय बाजाराची वाट माहीत असलेला भागीदार मिळतो, त्यालाही मोल आहे.

'बिनव्याजी' हा शब्द ऐकून आपल्या अनेक बंधूंना आनंद झाला असेल. तो योग्यच आहे. व्याजाच्या भीतीने कित्येक चांगले कारागीर बँकेची पायरी चढत नाहीत. तरीही एक फरक ध्यानात घ्यावा. मुदारबतीत एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा ठरल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा आल्यास भांडवल भांडवलवाल्याचे बुडते. बिनव्याजी कर्जाचे तसे नाही. धंदा बसला तरी ते डोक्यावर राहते. वरील व्यवहारात हिश्श्याची जोखीम १० लाखांपुरती आहे, बाकीचे २० लाख कर्ज आहे. शिवाय पडद्यावर हात मिळवला म्हणजे करार पक्का झाला असे नाही. नंतर कागदपत्रांची छाननी होते आणि तीत कित्येक व्यवहार मोडतात.

परंतु आम्हाला खरी चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्या देशाच्या कायद्यात पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी तो लाखो प्रेक्षकांना उघडून दाखवला, तर नवेपणा संपला. परतवाड्याच्या बाजारात पहिले यंत्र विकले तरी तोच धोका. आपले मिस्त्री नेमके उलट करतात. आधी गावभर दाखवतात, वर्तमानपत्रात फोटो छापून आणतात आणि दोन वर्षांनी कोणी नक्कल विकू लागला की वकिलाकडे धावतात. अर्ज मात्र फार महाग नाही. व्यक्तीने ऑनलाइन भरल्यास सरकारी फी १६०० रुपये आहे. वकिलाचे व पुढील तपासणीचे पैसे वेगळे. यंत्र अपुरे असेल तर तात्पुरते वर्णन देऊन तारीख पकडता येते आणि पूर्ण वर्णन बारा महिन्यांत द्यायचे असते. महाराष्ट्राचे पेटंट कार्यालय मुंबईतच आहे. मोठ्या पदव्या नसलेल्या संशोधकांसाठी २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान गुजरातेत आहे. ते अशा लोकांना पेटंटच्या कामी मदत करते.

हक्क न राखल्यास काय होते, हे विदर्भाने जवळून पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवड करकरून एचएमटी हे तांदळाचे वाण काढले. ते दूरदूरच्या शेतांत पोचले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरवही झाला. पण त्या तांदळाच्या व्यापारातील पैसा त्यांच्या घरी आला नाही आणि २०१८ मध्ये हलाखीतच त्यांचे निधन झाले. बियाण्याचा कायदा यंत्राच्या कायद्याहून निराळा आहे, हे खरे. गौरवाने चूल पेटत नाही, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच.

आणि प्रत्येकाने मुंबईच गाठावी असेही नाही. मोथा परिसरात स्ट्रॉबेरी होते, चिखलदऱ्यात कॉफी पिकते, खाली अचलपूर-चांदूर बाजारच्या पट्ट्यात संत्रा आहे. कॉफीची साल काढणे, संत्री धुऊन निवडणे, घाटातल्या उताराच्या शेतात चालेल असे हलके अवजार, या कामांसाठी गिऱ्हाईक तीस-चाळीस किलोमीटरच्या आतच बसले आहे. अवजार तपासून घ्यायचे तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अवजारांवर काम करणारी मंडळी आहेत. दहा शेतकऱ्यांनी पैसे मोजून घेतलेले यंत्र आणि त्यांच्या पावत्या घेऊन जो मुंबईला जाईल, त्याला ४० टक्के मागणाराही दोनदा विचार करील. मात्र त्या दहातले पहिले यंत्र विकण्याआधी १६०० रुपयांचा अर्ज दाखल झालेला असावा.