दाखवलेले गोदाम, न दाखवलेले गोदाम

मार्च १९९३ मध्ये बारा दिवसांच्या अंतराने दोन घोषणा झाल्या. १२ तारखेला उत्तर कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याचा मनोदय जाहीर केला. २४ तारखेला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत सांगितले की, आम्ही सहा अणुबॉम्ब बनवले होते आणि ते मोडूनही टाकले आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक दोन्हीकडे जाऊन आले होते. मग निष्पत्ती इतकी वेगळी का?

बँकेतर्फे तारण मालाच्या तपासणीला गेलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक असते. दाखवलेल्या गोदामातली पोती मोजून स्टॉक स्टेटमेंटशी ताळा घालणे सोपे. दुसरे गोदाम आहे काय, हा खरा प्रश्न. आणि त्याची किल्ली कर्जदाराच्याच खिशात असते.

उत्तर कोरियाने १९९२ साली लिहून दिले की, आपण एकदाच, १९९० मध्ये, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे काढले. योंगब्योन येथील नमुन्यांवरून मात्र हे काम अनेकदा झाल्याचे दिसले. संस्थेने अणुकचऱ्याच्या दोन संशयित जागा पाहू मागितल्या, तेव्हा त्या लष्करी आहेत असे सांगून दार बंद करण्यात आले. २००६ मध्ये त्या देशाने पहिला अणुस्फोट केला.

दक्षिण आफ्रिकेतही समृद्ध युरेनियमचा हिशेब आरंभी जुळत नव्हता. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी कारखान्याच्या जुन्या दैनंदिन नोंदी काढून दिल्या आणि जाणती माणसे समोर बसवली. हे काही साधुत्व नव्हे. शीतयुद्ध संपले होते, सत्तांतर दाराशी होते आणि बॉम्बपेक्षा जगाचा विश्वास अधिक उपयोगाचा ठरणार होता.

न दाखवलेल्या गोदामापर्यंत पोहोचता यावे म्हणून १९९७ साली पूरक करार आला. पण तोही स्वखुशीचा. इराणने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे पालन थांबवले. जून २०२५ मध्ये इस्रायल व अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले आणि पुढच्याच महिन्यात संस्थेशी सहकार्य स्थगित करणारा कायदा इराणने अमलात आणला. साठ टक्के समृद्ध केलेल्या सुमारे ४४० किलो युरेनियमचा जो अंदाज हल्ल्यापूर्वी निरीक्षकांच्या हाती होता, तो पडताळून पाहण्याची वाटच त्यामुळे खुंटली.

बॉम्बने गोदाम पडते. आत माल किती होता आणि तो कुठे गेला, हे मात्र मालकाने वही उघडल्यावाचून कळत नाही.