रसग्रहण की स्तुतिपाठ?

‘रसग्रहण’ या शब्दाइतका अर्थपूर्ण शब्द आपल्या शिक्षणव्यवहारात क्वचितच आढळेल, आणि त्याच्याइतकी विटंबनाही क्वचितच दुसऱ्या शब्दाच्या वाट्याला आली असेल. रस ग्रहण करणे म्हणजे कृतीपाशी थांबणे, तिचा स्वाद घेणे आणि तो स्वाद कशामुळे निर्माण झाला याचा शोध करणे. आज आपल्या वर्गांतून या नावाखाली जे लिहवून घेतले जाते, तो निव्वळ स्तुतिपाठ आहे. आणि तोही बहुधा न वाचलेल्या कवितेचा. हे विधान कोणास कठोर वाटेल. परंतु इंदूरच्या अन्नपूर्णा भागात राहून, येथल्या मराठी घरांतील मुलांच्या वह्या वर्षानुवर्षे पाहिल्यावर याहून सौम्य विधान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रथम प्रश्नपत्रिकाच पाहू. आमच्याकडील बहुतेक मराठी मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मध्यप्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या हिंदीच्या परीक्षेत कवीचा परिचय लिहावयाचा असतो आणि त्याचे मुद्दे ठरलेले असतात: दोन रचना, ‘भाव-पक्ष’, ‘कला-पक्ष’ आणि ‘साहित्य में स्थान’. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ज्या कवीच्या वीस-पंचवीस ओळी वाचल्या, त्याचे साहित्यातील स्थान त्याने निश्चित करावयाचे! जे काम करताना आयुष्यभर वाचन केलेला समीक्षक दहा वेळा अडखळेल, ते हा मुलगा दोन ओळींत उरकतो; कारण प्रत्येक कवीचे स्थान ‘अद्वितीय’च असते, हे त्याला आधीच पढविलेले असते.

महाराष्ट्रातील व्यवस्था अधिक सुसंस्कृत दिसते, पण रोग तोच आहे. तेथे दहावीच्या मुलाने कवितेचे रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन कप्प्यांत लिहावे, अशी रीत आहे. यांपैकी पहिल्या दोन कप्प्यांच्या नावांतच निकाल लागून गेलेला आहे. सौंदर्य आहे की नाही, हा प्रश्नच उरलेला नाही; ते आहे असे गृहीत धरून त्याची यादी तेवढी द्यावयाची. साक्षीपुरावा होण्यापूर्वीच न्यायाधीशाने निकालपत्र लिहून ठेवावे आणि मग वकिलांना युक्तिवाद करावयास सांगावे, तसा हा प्रकार आहे. मग वहीत ‘साधी, सोपी, ओघवती भाषा’, ‘मनाला भिडणारा आशय’ आणि ‘समर्पक शब्दयोजना’ हे तीन चिरंजीव अवतरतात. ते कोणत्याही कवितेच्या अंगाला बसतात, आणि जो अंगरखा प्रत्येकाच्या अंगाला बसतो तो कोणाच्याच मापाचा नसतो.

या शिस्तीचा भंग केल्यास काय होते, त्याचेही एक उदाहरण देतो. आमच्या वसाहतीतील एका मुलीने, पावसावरील एका कवितेविषयी लिहिताना, शेवटच्या दोन ओळींतील उपदेश अनावश्यक आहे, पाऊस तेथे थांबतो आणि शिकवणी सुरू होते, असे लिहिले. वाक्य तिचे स्वतःचे होते आणि, माझ्या मते, बिनतोड होते. वही परत आली ती समासात लाल शाईने लिहिलेल्या एका सूचनेसह: कवीची आलोचना करू नये. ‘आलोचना’ हे हिंदीत साहित्यसमीक्षेचेच नाव आहे! समीक्षा लिहावयास सांगावयाचे आणि समीक्षा करू नये असे बजावावयाचे, हा विनोद लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आला नसावा.

मराठीतही ‘टीका’ या शब्दाची हीच गत झाली. टीका म्हणजे दोषारोप, असे आज मूल समजते. वस्तुतः मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातील सर्वांत थोर ग्रंथ ही एक टीकाच आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर ‘भावार्थदीपिका’ सांगितली, ती एका ग्रंथाचे दुसऱ्या एका प्रतिभावंताने केलेले वाचन होते. आणि त्या वाचनाने मूळ ग्रंथाच्या सातशे श्लोकांतून नऊ हजार ओव्यांचे विश्व उभे केले. पुढे १५८४ मध्ये एकनाथांनी त्याच ग्रंथाचा पाठ शुद्ध केला. भक्तीने हात जोडून बसणे त्यांना सुलभ होते. पण ज्या ग्रंथावर भक्ती जडली, त्यात कोणता शब्द मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला, हे तपासून घेणे त्यांना अधिक आवश्यक वाटले. आदर आणि परीक्षा यांत वैर नसते, हे आपल्या परंपरेला इतके जुने ठाऊक आहे. ते विसरले आपले वर्ग.

आणि हे विस्मरण इंदुरात व्हावे, ही आणखी खेदाची गोष्ट. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा जन्म १९२१ मध्ये याच शहरात झाला. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव येथल्याच होळकर महाविद्यालयात शिकले. घरची भाषा मराठी. धाकट्याने मराठीत लिहिले, थोरल्याने हिंदीत, आणि दोघांनीही काव्याबरोबर समीक्षाही लिहिली. शरच्चंद्रांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी. गजानन माधवांनी जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’चा पुनर्विचार करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ज्या काव्यापुढे हिंदी जगत नतमस्तक होते, त्यातील जीवनदृष्टीशी त्यांनी उघड वाद मांडला, आणि तो मांडताना त्या कृतीचे सामर्थ्य नाकारले नाही. आजच्या उत्तरपत्रिकेत कोणी तसे लिहिले, तर त्याला किती गुण पडतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. दैवदुर्विलास असा की, पुढे त्याच मुक्तिबोधांची कविता बारावीच्या ‘आरोह’ या पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे राहिली, आणि तिच्यावरील तयार उत्तरे बाजारात विकली गेली.

याच मध्यप्रदेशाच्या भूमीवर १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावती देशपांडे यांनी भूषविले आणि २००१ मध्ये इंदूरच्या संमेलनाचे विजया राजाध्यक्ष यांनी. दोघीही कथाकार, दोघीही समीक्षक, दोघीही वर्गात उभे राहून साहित्य शिकविणाऱ्या. समीक्षकाला आपण व्यासपीठावर इतक्या सन्मानाने बसवितो. मग वर्गातल्या चिमुकल्या समीक्षकाच्याच तोंडावर हात का ठेवतो?

भरतमुनींनी रसाची उपपत्ती सांगताना दृष्टांत घेतला तो पाकशाळेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न सेवन करताना सुमनस पुरुष जसा स्वाद घेतो, तसा प्रेक्षक नाट्यातील भावांचा स्वाद घेतो, असे नाट्यशास्त्र सांगते. आमच्या भागाचे नावच अन्नदेवतेचे आहे. महाद्वारी भव्य हत्ती उभे असलेल्या त्या मंदिराच्या अवतीभवती वाढणारे पोर चवीच्या बाबतीत काही भोळे नसते. सकाळच्या पोह्यांवर जीरावन कमी पडले, तर ते तत्काळ सांगते; कोणत्या दुकानाची शेव खमंग आणि कोणत्या दुकानाची नुसतीच तिखट, याचे विवेचन कारणांसह करते. तेव्हा त्याला कोणी ‘पोह्यांचे स्थान’ विचारीत नाही आणि ‘आचाऱ्याची आलोचना करू नये’ असेही दटावीत नाही. कोंकणीत जिला ‘रूच’ म्हणतात, ती त्याच्या जिभेवर जिवंत आहे. तीच जीभ कविता समोर येताच मुकी होते, याचा दोष जिभेकडे नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो क्षुल्लक नाही. साठ-साठ वह्या तपासावयाच्या, अभ्यासक्रम वेळेत संपवावयाचा, हजारो उत्तरपत्रिकांना सारख्याच मापाने गुण द्यावयाचे. ठरलेल्या मुद्द्यांवाचून हे कसे साधावे? शिवाय नवशिक्याला चार मुद्दे हाताशी असले तर आधारच होतो. हे सारे मान्य. पण पांगुळगाडा हा चालावयास शिकविण्यासाठी असतो. आपण तो दहाव्या वर्षी देतो आणि पदवी परीक्षेपर्यंत काढून घेत नाही. गुणांच्या समानतेचे म्हणाल, तर कवितेतील कोणत्या शब्दाच्या आधारे विधान केले आहे, हे पाहूनही गुण सारखेच देता येतात. आधार दाखविला की नाही, हे माप विशेषणे मोजण्याच्या मापाहून अधिक काटेकोर आहे.

दुसरा आक्षेप असा की, कोवळ्या वयाच्या मुलांना अभिप्राय देण्याचा अधिकार काय? त्यांचे वाचन चुकेल. चुकेलच, मोठ्यांचेही चुकते. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेरा कविता कवींची नावे झाकून वाचावयास दिल्या आणि मोकळेपणाने लिहावयास सांगितले. त्या लेखनाची चिकित्सा त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात प्रसिद्ध केली. नामवंतांच्या कविता धिक्कारल्या गेल्या होत्या, सामान्य कविता डोक्यावर घेतल्या गेल्या होत्या, साधा वाच्यार्थही कित्येकांना लागला नव्हता. परंतु रिचर्ड्स यांनी त्यावरून मुलांची तोंडे बंद केली नाहीत. वाचन नेमके कोठे घसरते, हे त्या चुकांवरूनच शोधून काढले. प्रामाणिक चूक दुरुस्त करता येते. पाठ केलेल्या बरोबर उत्तरात दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते, कारण त्यात वाचकच नसतो.

तो नसतो, याचा पुरावा आता यंत्रांनीच दिला आहे. कवितेचे नाव सांगताच क्षणार्धात तीन कप्प्यांचे रसग्रहण लिहून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आली, म्हणून आज हाकाटी चालली आहे. मला त्या यंत्रांचा राग येत नाही. जे उत्तर कविता न वाचता लिहिता येत होते, तेच ती लिहितात. आपल्या प्रश्नांची योग्यता त्यांनी उघडी पाडली, एवढेच.

मग करावे काय? रसग्रहण बंद करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. ते प्रथमच सुरू करावे, असे म्हणतो. प्रश्न एकच असावा: या कवितेत तुम्ही कोठे थांबलात, आणि कशामुळे? प्रत्येक विशेषणामागे कवितेतील शब्दाची साक्ष असावी. मतभेदासाठी गुण कापू नयेत. निराधार स्तुतीसाठी मात्र अवश्य कापावेत. अधूनमधून कवीचे नाव झाकून कविता द्यावी. मालव्याच्या मुलांसाठी तर भास्कर रामचंद्र तांबे यांच्याहून चांगला आरंभ नाही. त्यांच्या अनेक कवितांच्या माथ्यावर रागाचे नाव छापलेले आढळते. ‘गेयता’ हा शब्द वहीत लिहविण्यापूर्वी ती कविता वर्गात गाऊन पाहावी. कोठे शब्द सुरात विरघळतो आणि कोठे यमकासाठी ओढून आणल्यासारखा वाटतो, हे मुलांनीच ऐकून सांगावे. गेयता हा मग शब्द राहणार नाही, अनुभव होईल.

गोमंतकीय वाचकांनाही एक विनंती करतो. कोंकणीला १९८७ मध्ये गोव्यात राजभाषेचे स्थान मिळाले, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तिच्या वर्गांतील समीक्षेची वाट अजून मळलेली नाही, हे तिचे भाग्य समजावे आणि आमच्या मार्गदर्शिकांचे साचे तिने उसने घेऊ नयेत. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. त्यांची एक मराठी आणि एक कोंकणी कविता शेजारी ठेवून, एका भाषेत जे साधले ते दुसरीत का साधले नसते, एवढेच मुलांना विचारावे. त्या एका प्रश्नातून दोन्ही भाषांचे जेवढे ज्ञान होईल, तेवढे दहा मार्गदर्शिकांतून होणार नाही.

परप्रांतात वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. शाळेची भाषा निराळी, बाजाराची निराळी. मराठी उरली ती घरात, सणावारांत आणि संस्थांच्या सभागृहांत. तेथेही तिच्याविषयी फक्त गोडवे गावयाचे, शंका काढावयाची नाही, असेच शिकविले, तर मूल तिला नमस्कार करील आणि निघून जाईल. ‘हे मला आवडले नाही, आणि का ते सांगतो’ हे वाक्य ज्या भाषेत मुलाला निर्भयपणे उच्चारता येते, त्याच भाषेत ते मोठेपणी विचार करते. नुसत्या नमस्काराची भाषा देव्हाऱ्यात बसते. घरात नांदत नाही.