‘स्वभावच तसा आहे’ म्हणण्याआधी



दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा पाठ आहे. त्यात ऋतुचक्र येतं आणि ते चालवणारी चार संप्रेरकं येतात. त्यातलंच एक इस्ट्रोजेन. आपण ते कसं शिकवतो? अंडाशयात तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, चला पुढे. आकृतीला नावं दिली, मार्क पदरात पडले, की विषय संपला. पण इस्ट्रोजेन मेंदूतही काम करतं. आपल्या ताणाच्या यंत्रणेवर त्याचा हात असतो. हे आपण मुलींना, मुलांना आणि त्यांच्या आयांनाही सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आपण सांगत नाही, म्हणून शरीरातल्या एका घडामोडीला घरोघरी ‘स्वभाव’ हे नाव पडतं.

बजाजनगरच्या कोणत्याही शाळेच्या पालकसभेत बसा, हे वाक्य ऐकायला मिळेल : “सर, आठवीपर्यंत पोरगी लई शांत होती. आता उगंच रडती. पेपर म्हटलं की हातपाय गार पडत्यात. नाटकं करती.” शेजारी बसलेल्या आईलाही अलीकडे झोप लागत नाही, छातीत धडधडतं. तिच्याविषयी तर कोणी विचारतसुद्धा नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ताण आला की मेंदूतला अधश्चेतक हा भाग पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो. पीयूषिका पुढे रक्तातून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप पाठवते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. साखर वाढते, शरीर सज्ज होतं. पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच मेंदूला सांगतं, ‘बस्स आता.’ पाण्याची टाकी भरली की फ्लोट वर येऊन नळ बंद करतो ना, तसंच.

आता गंमत अशी, की या टाकीच्या जवळपास इस्ट्रोजेनचीही माणसं बसलेली आहेत. इस्ट्रोजेनचे ग्राही, म्हणजे त्याला ओळखून पेशीला कामाला लावणारी प्रथिनं, अधश्चेतकात आहेत, भीतीची नोंद घेणाऱ्या अमिग्डालात आहेत आणि स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्येही आहेत. हे ग्राही मुख्यतः दोन प्रकारचे. अल्फा आधीपासून माहीत होता. बीटा १९९६ मध्ये स्वीडनच्या यान-ऑके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की अल्फा जागा झाला तर ताणाचं संप्रेरक आणि घाबरटपणा वाढण्याकडे कल असतो, बीटा जागा झाला तर दोन्ही कमी होतात. म्हणजे ‘इस्ट्रोजेन चांगलं की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा. किती आहे, कुठे काम करतंय आणि किती झपाट्याने वर-खाली होतंय, हे बघावं लागतं. माणसाचा मेंदू उंदरापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा आहे, हे वर्गात सांगायला मात्र विसरू नका.

माणसांवरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी तो १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. पाळीआधी खूप त्रास होणाऱ्या स्त्रियांच्या अंडाशयांचं काम औषधाने थांबवलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. मग त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, तर तो परत आला. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता, त्यांनाही हीच औषधं आणि हीच संप्रेरकं दिली. त्यांना काहीच झालं नाही!

‘सगळ्याच बायकांना पाळी येते, तुलाच काय एवढं?’ या आपल्या घरातल्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. संप्रेरक तेच, प्रमाण तेच, पण प्रत्येकीचा मेंदू त्याला वेगळा प्रतिसाद देतो. त्यात तिचा दोष नाही.

वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात चिंतेचं प्रमाण फार वेगळं नसतं. नंतर ते मुलींमध्ये जवळपास दुप्पट होतं. पाळीची पहिली दोन-तीन वर्षं चक्र अनियमित असतं, त्यामुळे इस्ट्रोजेनचे चढ-उतारही बेभरवशाचे. आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत नववी-दहावी, क्लास, आणि ‘एकटी कुठं जाऊ नको’ हे सगळं एकदम अंगावर येतं. सगळं खापर संप्रेरकांवर फोडणंही चुकीचंच. वाळूजमध्ये तीन पाळ्यांत काम करणाऱ्या बापाची झोप आणि एका खोलीतला अभ्यास यांचाही ताण असतोच की.

आता आयांकडे येतो. हा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. आपल्या वसाहतीत बीड, जालना, परभणीकडून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. अनेकींचं वय तिशी-पस्तिशीचं.

चर्चा झाली ती मुकादम, उचल, खाडे आणि डॉक्टर यांची. व्हायलाच हवी होती. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत कोसळतं. एरवी हाच उतार कित्येक वर्षांत हळूहळू होतो. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे चिंता आणि नैराश्य यांचा धोका वाढलेला दिसतो, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. आपल्याकडे मात्र ती बाई ‘पिशवी काढल्यापासून लई चिडचिडी झाली’ एवढंच होऊन बसते. फक्त गर्भाशय काढलं की अंडाशयंही, हे पुष्कळ जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. डिस्चार्ज कार्ड घरात असेल तर शोधून काढा आणि डॉक्टरांना दाखवून विचारा. संप्रेरकांच्या गोळ्या मात्र मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका.

शाळेत काय करता येईल? ऋतुचक्राचा पाठ मुला-मुलींना एकत्र बसवून शिकवा, आणि नववीत येणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीशी तो जोडून द्या. मुलींना वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला सांगा : पाळी कधी आली, झोप कशी होती, धडधड कोणत्या दिवशी झाली. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं, आणि डॉक्टरकडे गेलं तर तेच पान उपयोगी पडतं. ही वही तपासायची नाही, सही तर मुळीच करायची नाही. चाचणीच्या दिवशी एखादी घाबरली, तर चार जणींसमोर ‘काय झालं गं?’ न विचारता तिला बाहेर जाऊ द्या.

दर महिन्याला शाळा बुडते, जेवण-झोप उडते किंवा जगणं नको वाटतं असं ती बोलते, तेव्हा वहीची वाट बघू नका. घाटीत दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलीचा नंबर लावाल तेव्हा आईलाही विचारा, तिची झोप कशी आहे.