निगेटिव्ह आणि फ्लॉपी

पंचवीस वर्षांपूर्वीचे, अडगळींत पडलेले डिजिटल कॅमेरे हुडकून काढण्याची हौस सध्यां तरुण मंडळींत बोकाळली आहे. त्यांच्या पुसट चित्रांत जुन्या फिल्मची गोडी आहे, असें आम्हांस ऐकविण्यांत येतें. जुनें तें सोनें म्हणून पितळहि त्याच डबींत घालण्याचा हा प्रकार आम्हांस साफ नामंजूर आहे.

वाद केवळ रेखीवपणाचा असता तर तो केव्हांच मिटला असता. ईस्टमन कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचें चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचें होतें, आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. ॲपलच्या १९९४ सालच्या क्विकटेकमध्यें ६४० गुणिले ४८० बिंदूंचीं आठ चित्रें मावत. साध्या रोलवर छत्तीस निघत, व त्यांतलें कोणतेंहि हातभर मोठें करून भिंतीवर लावतां येई. फिल्मचे कैवारी या आंकड्यांवर विसंबले आणि येथेंच फसले. बिंदु वाढविणें हें कारखानदारांचें काम. तें त्यांनीं चोख बजावलें. १९९९ सालच्या निकॉन डी-वनचीं सत्तावीस लक्ष बिंदूंचीं चित्रें वृत्तपत्रांस पुरेशीं झालीं. ज्या कोडॅकच्या घरांत हें यंत्र जन्मलें, तिलाच जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

फिल्मची खरी बाजू निराळीच होती, व ती मांडण्याचें या वकिलांस सुचलें नाहीं. निगेटिव्ह ही वस्तु आहे. जिलेटिनच्या लेपांत अडकलेले चांदीचे कण वाचावयास मनुष्याचा डोळा व खिडकीचा उजेड एवढें पुरतें. आमच्या घरीं १९६२ सालच्या एका लग्नाच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत पडून आहेत. पट्टी उजेडाशीं धरली कीं काळ्याची पांढरी झालेली आत्या अजून नथीवरून ओळखूं येते. याच घरांतल्या १९९८ सालच्या बारशाचीं चित्रें मात्र फ्लॉपीवर आहेत. फ्लॉपी शाबूत, ती वाचणारें यंत्र मोठ्या खटपटीनें मिळविलें, तर त्यानें ती कोरी असल्याचा निर्वाळा दिला! ज्याचें बारसें, त्या चिरंजीवांनींच परवां तसला जुना कॅमेरा हौसेनें विकत आणला आहे.

फिल्म अमर नाहीं, हें आम्ही जाणतों. कोंकणच्या दमट हवेंत तिला बुरशी येते, रंग विटतात. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाहि आज कांहीं भागच उरला आहे. पण उरला आहे! बुरशीनें अर्धा खाल्लेला चेहरा अर्धा तरी आपला असतो, आणि तो नासत असल्याचें आधीं दिसतें. फ्लॉपी मरते ती सूचना न देतां.

आमचे एक स्नेही गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत तीन पिढ्यांच्या निगेटिव्ह संगणकावर उतरवून मूळ पट्ट्या रद्दीबरोबर देऊन मोकळे झाले. ती डिस्क दाखवा म्हटलें, तेव्हां ती कोणत्या कपाटांत ठेवली हें त्यांस आठवेना.