न्यायालयें आहेत, मग चिंता कशाला?

“न्यायालयें आहेत, मग नागरिक स्वातंत्र्याची चिंता तुम्हांस कशाला?” असा प्रश्न नांदेड-लातूरकडील कांहीं विद्वान् मंडळी आम्हांस करितात. त्यांच्या विस्मरणशक्तीचें आम्हांस कौतुक वाटतें! निजामी अमलांत याच गांवीं ‘गश्ती निशाण ५३’ प्रमाणें साध्या सभेसही परवानगी लागे; आणि हैदराबाद संस्थानावर दिल्लीच्या फेडरल कोर्टाचा अधिकार नव्हता.

अधिकार होता तेथें तरी काय झालें? एप्रिल १९४३ मध्यें केशव तळपदे यांच्या प्रकरणांत सरन्यायाधीश ग्वायर यांच्या कोर्टानें विनाचौकशी स्थानबद्धतेचा २६ वा नियम कायद्याबाहेरचा ठरविला. कांहीं दिवसांतच सरकारनें वटहुकूम काढून मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलला!

बरें, तें राज्य परकीय होतें. परंतु १९७६ सालीं, आणीबाणींत, आमच्याच सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं स्थानबद्धांस न्यायालयाचें दार बंद केलें. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध राहिले, आणि पुढें सरन्यायाधीशपदाच्या वेळीं त्यांची ज्येष्ठता डावलण्यांत आली. तो निर्णय चुकीचा होता, हें त्या न्यायालयानें २०१७ सालीं मान्य केलें. एकेचाळीस वर्षांनंतरच्या या कबुलीनें १९७६ च्या स्थानबद्धाचा कोठडींतील एक दिवस तरी कमी झाला काय?