रिकाम्या हाताचे शील

धम्माच्या शाळेत मुलांना ठोसे मारायला कशासाठी शिकवायचे, असा प्रश्न काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी आमची भूमिका मांडतो.

कराटे ओकिनावा बेटावर घडले. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 साली टोकियोत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे 'चिनी हात' या जुन्या अर्थाऐवजी 'रिकामा हात' हा अर्थ त्यांनी रुजवला. त्यासाठी निवडलेले चिन्ह बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी वापरले जाते. पहिला वार आपला नसावा, हे त्यांच्या शिकवणीचे सूत्र होते. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. स्वसंरक्षण आणि सूड यांतील अंतर आम्ही त्यावरूनच ओळखतो.

तिसगाव-पाथर्डी परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामभर गाव सोडतात. आईवडील दूर फडावर असताना वसतिगृहात वाढणारी मुलगी निर्भय असावी, ही आमची कळकळ आहे.

मात्र काय शिकवावे, याचा विवेक हवा. स्नेहसंमेलनात कौले-विटा फोडल्या की टाळ्या पडतात. पण वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोके कोवळी असतात. हा खेळ शाळेत नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मूळ अभ्यास पक्का व्हावा. सेइकेनमध्ये आघात तर्जनी व मधल्या बोटाच्या सांध्यांवर यावा, मनगट सरळ राहावे. जोर पायांतून व कमरेच्या वळणातून यावा आणि दुसरा हात त्याच क्षणी कमरेशी मागे यावा. मूठ डोक्यासारख्या कठीण भागावर आदळली, तर करंगळीमागचे हाड मोडू शकते. म्हणून संरक्षणासाठी तळहाताच्या टाचेचा तेइशो आणि मुठीच्या कडेचा, हातोड्यासारखा तेत्त्सुई आधी शिकवावा. बोटांच्या टोकांनी मारायचा नुकिते लहानांना नकोच.

जोडीदाराच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबलेला ठोसा, ही आमच्या मते खरी परीक्षा. पूर्ण वेगाने निघालेला हात थांबवायला मन जागे लागते. ही जागृती म्हणजेच सम्यक स्मृतीचा अभ्यास होय. पट्ट्याचा रंग त्यानंतर पाहावा.

माजी विद्यार्थ्यांनी मुलींच्या नियमित वर्गासाठी जाणकार प्रशिक्षिका मिळवून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.