निकालानंतर नियम बदलणे हा न्याय नव्हे!

१ ऑगस्ट १९६२ रोजी वागळे इस्टेट येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कारखानदारी बहरली. या समृद्धीची दुसरी बाजू डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ च्या भीषण स्फोटांत अनुभवली. अशा वेळी जवानांना कोठवर पुढे न्यायचे, हे अग्निशमन अधिकारी ठरवतो. २०१५ साली मुंबईतील काळबादेवीच्या आगीने प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. अशा पदावर कोणी, कोणत्या निकषावर जावे, हा केवळ वेतनश्रेणीचा प्रश्न नव्हे.

अमेरिकेतील एक खटला या संदर्भात उद्बोधक आहे. न्यू हेवन शहराच्या अग्निशमन दलात २००३ साली ११८ जणांनी पदोन्नतीची परीक्षा दिली. तत्काळ बढतीस पात्र ठरणाऱ्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. भेदभावाचे दावे होतील या धास्तीने नगरप्रशासनाने निकालच गुंडाळून ठेवला. १७ श्वेतवर्णीय आणि एक हिस्पॅनिक जवान न्यायालयात गेले. २९ जून २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात दलातील जुन्या वर्णभेदाचे आणि परीक्षेतील त्रुटींचे स्मरण करून दिले. तेही खोटे नव्हते. परंतु लेखी परीक्षेला ६० टक्के भार देणे चुकीचे होते, तर ते परीक्षेपूर्वी का सुचले नाही?

आपल्याकडे प्रश्न वर्णाचा नाही. शासनाची रीत मात्र तीच. १९९५ च्या ७७व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना पदोन्नतीत आरक्षण देण्याचा मार्ग खुला केला. त्यासाठी अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली नागराज खटल्यात बजावले. महाराष्ट्र शासनाचा २५ मे २००४ चा आदेश या कसोटीवर टिकला नाही. उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी तो रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ रोजी शासनाने राखीव ३३ टक्क्यांसह सर्व पदे २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचा आदेश काढला. आकडेवारी जमवण्याचे कष्ट टाळायचे आणि त्याची शिक्षा कर्मचाऱ्यांना द्यायची, हा कुठला न्याय? मागासवर्गीय कर्मचाऱ्याला हक्क हिरावल्याचे शल्य, खुल्या वर्गातील कर्मचाऱ्याला कायमची अनिश्चितता! दोघे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहू लागले, आणि हा घोळ घालणारे मंत्रालयात निर्धास्त राहिले.

आग जात विचारीत नाही, हे खरे. पण बढतीची शिडी आजवर कोणाच्या वाट्याला आली नाही, हे समाजाने विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर आकडेवारीने द्यावे, निकष परीक्षेपूर्वी जाहीर करावेत, प्रशिक्षणाची संधी सर्वांना समान द्यावी. आणि एकदा निकाल लागला की तो पाळावा. एकाच नळीला हात लावून आगीत शिरणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये संशयाची भिंत उभी करणारे प्रशासन समता आणीत नाही, समरसता तर नाहीच नाही.